युरियानंतरचे आठ दिवस: भातखाचराच्या मोरीला कोळशाची गाळणी

लावणीनंतर युरियाचा हप्ता द्यावा आणि दुसऱ्याच दिवशी 100 मिलिमीटर पाऊस कोसळावा, हे कोकणात नवे नाही. बांध फुटू नये म्हणून पाणी सोडावेच लागते. त्याबरोबर नत्र पऱ्ह्यात (ओढ्यात) आणि पऱ्ह्यातून खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर किंवा थेट खाडीत जाते. मोरीवर, म्हणजे खाचरातले पाणी सोडायच्या वाटेवर, बायोचारची गाळणी बसवली तर यातले काही अडते. ती मृगाआधी तयार हवी आणि कोळसा त्याच्याही आधी, वैशाखातच पाडायला हवा.

बायोचार म्हणजे कमी हवेत भाजलेला कोळसा. त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. युरिया पाण्यात विरघळून तीन-चार दिवसांत अमोनियम होतो. त्याचा भार धन, म्हणून तो कोळशाला चिकटतो. नत्राचे दुसरे रूप म्हणजे नायट्रेट. त्याचा भार ऋण, ते बहुतेक सरळ निघून जाते. भरलेल्या खाचरात पहिला आठवडाभर अमोनियमच जास्त असते, म्हणून गाळणीची जागा इथे. भाजीच्या वाफ्यातून जांभ्यात झिरपणारे नायट्रेट साध्या कोळशाला आवरत नाही. तिथे हप्ते लहान करणे हाच खरा उपाय.

आता हिशेब. हेक्टरी 100 किलो नत्र धरले तर 10 गुंठ्यांना लावणीचा 40 टक्के हप्ता 4 किलो नत्राचा, म्हणजे सुमारे पावणेनऊ किलो युरिया. गाळणीतल्या 80 किलो कोळशाने किलोमागे 2-3 ग्रॅम नत्र धरले तरी एकूण दोनशे ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, गाळणीने खताचे पोते वाचत नाही. ते वाचवायचे तर चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतली युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबलेली गोळी) वापरा: 2.7 ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. निसटलेल्या नत्रासाठी गाळणी.

कोळशासाठी सुरूचे लाकूड, बांबू, आंब्याची छाटणी किंवा नारळाच्या करवंट्या घ्या. लाकूड मनगटापेक्षा जाड नको आणि खडखडीत वाळलेले हवे. 120 सेंटिमीटर तोंडाचा, 60 सेंटिमीटर खोल, खाली निमुळता खड्डा खणा. तळाशी आग पेटवा, वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर टाका. ज्वाळा वर राहिली पाहिजे, म्हणजे खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. खड्डा भरला की पाण्याने पूर्ण विझवा. पाण्याची टंचाई असेल तर पत्रा झाकून कडा ओल्या मातीने लिंपा आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. एका खड्ड्यात 40 ते 45 किलो निघतो, तेव्हा दोनदा लावावा लागेल. वाऱ्याच्या दिवशी किंवा बागेजवळच्या सुक्या गवतात हे करू नका.

कोळसा बोटांनी चुरडून पाहा. नुसत्या पाण्याने काळे निघाले तर ठीक; साबण लागला तर डांबर राहिले आहे, पुन्हा भाजा. काजूच्या टरफलांना हात लावू नका, त्यातल्या तेलाचा धूर अंगावर फोड आणतो. किनाऱ्यावर वाहून आलेले खारट लाकूड आणि रंग दिलेल्या फळ्याही नकोत.

हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे चाळून घ्या. दोन दिवस भिजवा आणि पाणी बदलून राख धुवा. राखेने पाण्याचा सामू वाढतो, मग अमोनियमचा वायू होऊन उडतो आणि सगळा खटाटोप उलटतो. भिजवले नाही तर कोळसा तरंगतो, हे वेगळेच. जुन्या शेडनेटच्या पिशव्या शिवून भरा. गोणपाट महिनाभरात कुजते.

मोरीच्या तोंडाशी गाळ बसायला हातभर खड्डा करा, नाहीतर तांबडा चिखल आठवड्यात पिशव्या बुजवतो. त्यापुढे 2 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 45 सेंटिमीटर खोल चर खणा. पिशव्या 30 सेंटिमीटर थरात घट्ट बसवा, कडेच्या फटी चिखलाने लिंपा आणि वर दगड ठेवा. कडेची फट ही सर्वात मोठी चोर: पाणी कोळशाला बगल देऊन तिथूनच जाते. आत येणाऱ्या इंची पाइपला कॉक बसवून धार मिनिटाला 12 लिटर, म्हणजे एक मोठी बादली भरेल इतकीच ठेवा. यापेक्षा जोरात सोडले तर कोळशाला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत.

एवढ्या धारेने दिवसाला 17 हजार लिटर जाते. 10 गुंठ्यांवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर. म्हणून मोठ्या पावसासाठी चिखलापासून 10-12 सेंटिमीटर उंचीवर दगड लावलेली वेगळी मोरी असलीच पाहिजे. युरिया देण्याआधी पाणी उतरवा, चिखलावर खत टाका, 24 तासांनी पाणी घ्या आणि शक्य तितके दिवस अडवून धरा. मुसळधारेचा इशारा असेल तर त्या दिवशी हप्ताच देऊ नका.

खारभूमीत ही गाळणी फारशी चालत नाही. खाऱ्या पाण्यातला सोडियम कोळशावरची जागा बळकावतो आणि धरलेले अमोनियमही सोडवतो.

कोळंबी तलावांसाठी मिळणारे अमोनियाचे किट आणून गाळणीआधीचे आणि नंतरचे पाणी तपासा. दोन्हींचा रंग सारखा दिसला की पिशव्या भरल्या. किट नसेल तर दुसऱ्या हप्त्याआधी बदला. काढलेला कोळसा शेणखताच्या खड्ड्यात टाका आणि पावसाळा सरल्यावर माडाच्या आळ्यात घाला. चाळताना उरलेली बारीक चूर गोठ्याच्या गोमूत्राच्या नाळीत घाला. तिथे अमोनियम दाट असल्यामुळे किलोमागे भातखाचरापेक्षा जास्तच धरले जाते.