आधी नाव जुळवा, मग डफ शेका

आमचं वहीमंडळ, म्हणजे डफ-तुणतुण्यावर वह्या, आपली खानदेशी लोकगाणी, गाणारं मंडळ. त्यातल्या नानांना गेल्या महिन्यात लकवा मारला. उजवा हात उचलत नाही, आणि तुणतुण्याची तार छेडायचे ते त्याच हाताने. पोरं लगेच म्हणाली, कार्यक्रम ठेवू, पैसे जमवू. ठेवा. पण आबांच्या आजारपणात मीच पुढे होऊन हे सगळं केलं होतं आणि सपशेल माती खाल्ली होती. म्हणून हे आधी वाचा.

पहिल्यांदा नानांना विचारा. बोलता येत नसलं तरी त्यांना मान हलवता येते. लोकांसमोर आपल्या नावाने झोळी फिरलेली त्यांना चालणार आहे का, हे आपण परस्पर ठरवायचं नाही.

आता नाव. आधार, रेशनकार्ड, पासबुक एका चटईवर मांडा आणि अक्षर अक्षर ताडून बघा. आबांना गावाने ठेवलेलं नाव आम्ही पत्रिकेवर छापलं. एका भल्या माणसाने त्याच नावाचा चेक दिला, बँकेतून तो परत आला. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर बापाच्या नावात घोळ, पासबुकावर आडनावच नाही. दवाखान्यात वॉर्डबॉयने कागदावरचं नाव तीनदा पुकारलं, तरी आबा बाकावर निवांत बसलेले. शेवटी माझ्याकडे वळून विचारतात, "हाऊ कोन शे?" आम्ही हसलो. उत्पन्नाचा दाखला एका नावाचा आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, म्हणून उपचाराची मंजुरी सोळा दिवस लटकली, तेव्हा कुणी हसलं नाही. नाव जुळत नसेल तर "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या. नानांची तर सहीही आता जुळणार नाही. अंगठा कसा चालेल, हे बँकेत आधी विचारून या.

जमवलेला पैसा ऑपरेशनवर उधळू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालय योजनेतलं आहे का, एवढं आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारायचं. आपला पैसा योजना देत नाही त्यासाठी लागतो: जळगावच्या खेपा, सोबतच्या माणसाचं जेवण, घरी आल्यावरचा व्यायाम, गोळ्या, आणि बुडालेल्या सुपाऱ्या. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा अर्जही लगेच भरा. वय 50 च्या पुढे, कलेत 15 वर्षं आणि वर्षाचं उत्पन्न 60 हजारांच्या आत असेल, तर 2024 पासून महिन्याला 5,000 मिळतात. कलेचा पुरावा म्हणून जुन्या पत्रिका, कात्रणं लागतील. आणि त्यांवर कोणतं नाव असेल? गावाने ठेवलेलंच. म्हणजे पुन्हा ते प्रतिज्ञापत्र. म्हणून सांगतोय, नाव, नाव, नाव.

तारीख आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या संध्याकाळची धरा. लेकी माहेरी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं. नागपंचमीनंतरचा रविवार कानबाई देवीच्या उत्सवाचा, तेव्हा एकही मंडळ मोकळं नसतं. शिवाय श्रावणाच्या दमट हवेत डफाचं कातडं ढिलं पडतं. चार काटक्या पेटवून शेकलं की दोन वह्या होईपर्यंत टणटणीत, तिसरीला पुन्हा भदभद. कार्यक्रमभर एक पोरगा आगीपाशीच लागतो. आखाजीला ती कटकट नाही, ऊन मात्र मरणाचं असतं. दिवस मावळल्याशिवाय सुरू करू नका आणि नानांना मंडपात आणून बसवू नका. फोनवरून ऐकवा. "एक शेवटची वही" असलं काही माईकवर बोलाल तर मी उठून जाईन.

मांडव, माईक, पाणी तुम्हाला कळतं.

पैशांसाठी क्यूआर कोड लावाल, तो नानांच्याच खात्याचा लावा. माझ्या नाही, अध्यक्षांच्या नाही. स्कॅन केलं की बँकेतलं नाव दिसतं. ते ओळखीचं नसलं की लोक म्हणतात, हा कोण बुवा, आणि फोन खिशात जातो. आबांच्या वेळी कितीजण असे मागे फिरले, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. तेव्हा कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहा: गावातलं नाव अमुक, बँकेतलं नाव तमुक. दोन्ही. माईकवरूनही दर तासाला सांगा.

रोकड दोघांनी मोजायची आणि आकडा तिथेच जाहीर करायचा. हिशोबाची वही नानांच्या घरी काकूंकडे द्या, मंडळाकडे नको.

पुढचं थोडक्यात. गोळ्या कोण आणणार, व्यायामाला कोण नेणार, वार वाटून घ्या. सोमवार माझा. तुणतुणं खुंटीवरून काढून नानांच्या डाव्या हाताशी ठेवा. बाकी उद्या बोलू. येताना त्यांचं पासबुक आणा.