रंगकामाचा दर कार्पेट एरियावर नको

बरेच ठेकेदार कार्पेटच्या, म्हणजे आतल्या जमिनीच्या, फुटावर दर सांगून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. भिंत मोजा. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट: चार भिंती 440, छत 120, एकूण 560 चौरस फूट. दार-खिडकीचे 37 वजा करा, उरतात 523. दोन हात इमल्शनला लिटरमागे साधारण 60 चौरस फूट धरले, तर 9 लिटर लागतात. पुट्टी दोन हात किलोला 12 फूट जाते, म्हणजे 40 किलोची एक गोणी पुरत नाही. भिंत उंचसखल असेल तर आणखी जाते.

सोलापुरातल्या जुन्या घरांत चुन्याचे थरावर थर असतात. दर सांगण्याआधी पत्रीने हातभर जागा खरवडून बघा. पापुद्रे निघाले, तर खरवडण्याची मजुरी वेगळी लिहा. ती फुटाच्या दरात कधीच बसत नाही. लोणा धरलेल्या भिंतीची हमी देऊ नका, आधी ओल काढायला सांगा. मे महिन्यात बाहेरचं काम सकाळी नि संध्याकाळीच होतं, तेव्हा हजेऱ्या वाढवून धरा. नाहीतर तापल्या भिंतीवर पुट्टीचं पाणी उडतं, मग ती हाताला पिठासारखी लागते.

माल, मजुरी, परांची, भाडं मिळून 40,000 खर्च असेल आणि विक्रीवर 20 टक्के नफा हवा असेल, तर 0.8 ने भागा: 50,000. वर 20 टक्के चढवलेत तर 48,000 च होतात.