सत्र-प्रकल्पासाठी ऊसतोड स्थलांतराचा अभ्यास कसा करावा

हा प्रकल्प पावसाळी सत्रातच घ्यावा, कारण दिवाळीनंतर नंदुरबारकडील टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुलपेच भेटतात. मुलाखतीत मजुरी थेट विचारू नये; उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम) कोणाकडून, कोणत्या महिन्यात व कशासाठी घेतली, येथून आरंभ करावा, म्हणजे मुकादमाच्या (टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाच्या) वहीतला हिशेब हळूहळू उलगडतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने बाईची मजुरी वेगळी सापडत नाही. आपल्या तक्त्यात मात्र तिचा रकाना स्वतंत्र आखावा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर छायाचित्रासह पासबुक देण्याचे बंधन घातले होते. ते पाहिले का, हेही विचारावे. (मला एका आजींनी रेशनकार्ड आणून दाखवले.) उरलेल्या मुलाखती अखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) घ्याव्यात.