४-३-३ मध्ये बचावापुढची मोकळी जागा कशी बुजवली

आमचा कॉलेजचा फुटबॉल संघ ४-३-३ खेळतो: चार बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. आम्हाला गोल एकाच पद्धतीनं बसायचे. आपला हल्ला तुटला की समोरच्याचे दोन पास, आणि चेंडू थेट सेंटर बॅकच्या (मधल्या दोन बचावपटूंच्या) पुढ्यात. खापर बचावावर फुटायचं, पण ते अन्यायाचं होतं. दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) एकदमच वर चढायचे, सहा नंबर, म्हणजे बचावाच्या लगेच पुढे खेळणारा मिडफिल्डर, चेंडूमागे पळायचा आणि मागे दोघंच उरायचे.

फॉर्मेशन तेच ठेवलं, कामं बदलली. उजवा फुलबॅक चढला की डावा आत सरकून सेंटर बॅकच्या ओळीत येतो. मागे तिघं, पुढे सहा नंबर. सहा नंबरनं सेंटर बॅकपासून १० ते १२ मीटर पुढे राहायचं आणि मैदानातल्या मधल्या वर्तुळाच्या रुंदीबाहेर, म्हणजे साधारण १८ मीटरच्या पट्ट्याबाहेर, जायचं नाही. बाजूला मदत हवी असेल तर जवळचा आठ नंबर (बाकीच्या दोन मिडफिल्डरपैकी एक) जाईल.

सराव अर्ध्या मैदानावर: सहा हल्लेखोर, चार बचावपटू, मध्यरेषेवर दोन छोटे गोल. चौघांनी चेंडू हिसकावला की ८ सेकंदांत छोट्या गोलात मारायचा. चेंडू गेला की सहा जणांनी आधी ५ सेकंद तिथेच दबाव टाकून तो परत मिळवायला बघायचं. नाही जमलं तर मागे पळायचं.

सगळ्यात हट्टी चूक सहा नंबरच्या मानेत होती. नजर चेंडूवर खिळली की पाठीमागून सरकणारा समोरच्यांचा दहा नंबर (हल्ला रचणारा मिडफिल्डर) त्याला दिसतच नाही. म्हणून पास यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहायचं, प्रत्येक वेळी. सरावात विसरला की चेंडू लगेच दुसऱ्या संघाला. ही सवय लागायला फॉर्मेशनपेक्षा जास्त वेळ लागतो.