इंजिन चालू, चाकं ढिम्म: ट्रॅक्टरचा मागचा एक्सल बदलला

गोराईच्या वाडीतला आमचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर पावसाळ्यात चढावर थांबला. इंजिनाची ताकद गिअरपेटीला देणारा पट्टा फिरत होता, चाकं हलत नव्हती. आधी पट्ट्यावरच संशय घेतला, नवा घातला, पैसे फुकट. मग गिअरपेटीतलं तेल काढलं, तर त्यात चांदीसारखा चुरा. गिअरचे दात गेले होते.

यात गिअरपेटी आणि एक्सल एकाच खोक्यात असतात, म्हणून सगळंच बदलायचं ठरलं. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दोन फेऱ्या मारल्यावर जुनंच पण चालू खोकं मिळालं. एक्सलची लांबी आणि बोल्टांची भोकं मापूनच घेतलं.

खरी लढाई चाकांशी झाली. सर्क्लिप, म्हणजे चाक एक्सलवरून निसटू न देणारी कडी, निघाली, पण खाऱ्या हवेने डावं चाक एक्सलला असं धरलं होतं की विचारू नका. तीन दिवस गंज सोडवायचं तेल सोडलं, मग लाकडी ठोकळा धरून हातोडी. मामा ओरडले, "अरे, हळू! एक्सल भंगारात जाणारच आहे, रिम जपून!" चाक सुटलं आणि चाक आणि एक्सल एकत्र फिरवणारी, बोटाच्या पेराएवढी लोखंडी पट्टी (तिला चावी म्हणतात) गवतात पडली. अर्धा तास शोधली.

बसवताना एक्सलला भरपूर ग्रीस लावलं. मागची चाकं उचलून चाचणी घेतली, तर न्यूट्रलमध्येही ती हळूच फिरत होती. गिअरच्या दांडीचा नट दोन फेरे फिरवला, तेव्हा थांबली.