कुत्र्याला फ्रोझन रॉ फूड देताय? मग आधी किचनचं बघा

हल्ली फ्रोझन रॉ फूडची, म्हणजे गोठवलेल्या कच्च्या मांसाची पाकिटं घरपोच मिळतात आणि 'नॅचरल' लिहिलेलं दिसलं की आपण डोळे झाकून ऑर्डर टाकतो. पोर्तुगालमध्ये पोर्तो युनिव्हर्सिटीच्या टीमने बाजारातल्या 25 ब्रँडच्या डॉग फूडचे 55 नमुने तपासले होते, 2021 मध्ये ते बाहेर आलं. त्यात रॉ फ्रोझन 14 होते आणि चौदाच्या चौदांमध्ये बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे एन्टेरोकोकस (आतड्यात राहणारे जंतू) सापडले, त्यातले काही तर लिनेझोलिडलाही जुमानत नव्हते, जे डॉक्टर बाकी काही चालेनासं झालं की काढतात. बाकी सगळ्या प्रकारांत मिळून असे नमुने फक्त तीन.

फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. आणि रेझिस्टन्सची, म्हणजे औषधाला दाद न देण्याची जीन्स एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, त्यामुळे कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच्या शीमधून, लाळेतून हा माल घरात फिरू शकतो.

म्हणून माझं मत सरळ आहे, शिजवून द्या. बोनलेस घ्या (शिजलेलं हाड टोकदार तुटतं, घशात आतड्यात अडकतं) आणि आतपर्यंत 74 डिग्री जाईल असं शिजवा, वरवर रंग बदलला म्हणून गॅस बंद करू नका. पाकीट सिंकमध्ये किंवा ओट्यावर वितळवायचं नाही. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर ते गुलाबी पाणी ठिबकत थेट कोथिंबिरीच्या जुडीवर जातं, आणि ती आपण कच्चीच खातो! नळाखाली धुवायचंही नाही, शिंतोडे उडतात.

बाऊल दर जेवणानंतर साबणाने धुवा, त्याची घासणी वेगळी. उन्हाळ्यात तासाभरात संपवलं नाही तर उरलेलं फेका, जीव तुटला तरी. हात साबणाने 20 सेकंद.

घरात तान्हं बाळ, आजी-आजोबा किंवा केमो चालू असलेलं कोणी असेल तर रॉ नकोच. किबल (कोरडे दाणेदार डॉग फूड) तुलनेने बरं, पण तेही निर्जंतुक वगैरे नसतं, मूळ पाकिटातच ठेवा म्हणजे बॅच नंबर हाताशी राहतो.

आणि कुत्र्याला जुलाब लागले तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या अजिबात देऊ नका. व्हेटला आधीच सांगा की हा रॉ खातो, म्हणजे अँटिबायोटिक द्यायची वेळ आलीच तर कल्चर करून (लॅबमध्ये जंतू वाढवून) कुठलं लागू पडतंय ते बघता येतं.