लेयर कट असा निवडा, की सकाळी कंगवा फिरवला की झालं

लेयर कट म्हणजे वरचे केस आखूड, खालचे लांब असे थर पाडून कापणं. त्याबद्दल दोन थापा सर्रास मारल्या जातात. पहिली, ‘आखूड करून टाक, म्हणजे कटकट मिटली.’ दुसरी, ‘लेयर्स केले की केस आपोआप सेट होतात.’ आपोआप काहीही होत नाही. पार्लरमध्ये होतं ते ड्रायर आणि गोल ब्रशमुळे, आणि ते करणारी बाई तुमच्याबरोबर घरी येत नाही.

मी गेली अठरा वर्षं लेयर कट करून घेतेय. डोंबिवलीहून सकाळची लोकल, त्यामुळे आरशासमोर माझ्याकडे असतात चार मिनिटं. घरात ड्रायर आहे, पण तो शेवटचा वापरला तो लेकीचे शाळेचे बूट वाळवायला. त्याला हात न लावता कसं निभतं, तेवढंच इथे सांगते.

आधी त्या पहिल्या थापेचा निकाल लावू. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, लांब असोत की आखूड. पाठीपर्यंतच्या केसांत दोन महिन्यांची वाढ कोणाच्या लक्षातही येत नाही. मानेपर्यंतच्या केसांत तीच वाढ खांद्याला टेकते आणि टोकं बाहेरच्या बाजूला वळून उभी राहतात. म्हणजे दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत. आखूड केस दिसायला सुटसुटीत असतात, पण सांभाळायला महाग. ज्यांना खरंच कमी काम हवंय त्यांनी बांधता येतील इतके लांब केस ठेवावेत आणि लेयर्स त्याच्या आत बसवावेत.

चेहरा बाजूला ठेवा, केस बघा

गोल चेहरा, लांब चेहरा, बदामी चेहरा असले तक्ते मी पूर्वी फार वाचले. चेहऱ्याला शोभणारा कट केसांना मानवेलच असं नाही, आणि मानवला नाही तर रोज त्याच्याशी झटापट आलीच. त्यापेक्षा एका रविवारी केस धुवा, विंचरून सोडा आणि हात न लावता वाळू द्या. वाळल्यावर जे दिसतं ते तुमचे खरे केस. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

लहर किती आहे? आपल्याकडे बहुतेकींचे केस ‘सरळ आहेत’ असं त्या म्हणतात ते रोज वेणी घालून किंवा ओले असताना ओढून बांधल्यामुळे. मोकळे वाळवले की कानाखालून लहर निघते. ती असेल तर लेयर्स छान बसतात, पण वाळल्यावर वर चढतात.

दाटपणा किती आहे? पोनी मुठीत धरा. बोटाएवढीच भरली तर लेयर्स फक्त अगदी खालच्या भागात घ्या, नाहीतर टोकाशी उंदराची शेपटी उरते. मूठ भरली तर मोकळ्या मनाने घ्या.

आणि भोवरा कुठे आहे? डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणे. माझ्या डोक्यावर दोन आहेत, लग्न एकच झालं, पण केसांचा ताप मात्र दुप्पट आहे. भोवऱ्याजवळचे केस गोल फिरून उगवतात. ते लांब असले की वजनाने खाली बसतात, आखूड केले की मोराच्या तुऱ्यासारखे उभे. माथ्यावर ‘व्हॉल्यूम’साठी, म्हणजे केस फुगीर दिसायला, आखूड लेयर देऊ का असं विचारलं, तर भोवरेवालीने सरळ नाही म्हणायचं.

नावं

पार्लरमध्ये या नावांचा घोळ असतो. स्टेप कटमध्ये पायऱ्या दिसतात, लेयर कटमध्ये त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, फेदर कटमध्ये बाजूच्या बटा पिसासारख्या मागे जातात आणि त्या तशा जायला ब्रश लागतो. वुल्फ कट, बटरफ्लाय कट वगैरेंमध्ये वरचा थर बराच आखूड असतो, म्हणून ते आपल्या यादीतून बाद. मागायचं हे: खाली यू आकार, त्यावर लांब, मिसळलेले लेयर्स. कपाळावर फ्रिंज नको. महिन्याभरात ती डोळ्यांत जाते आणि एप्रिल-मे महिन्यात घामाने कपाळाला चिकटते.

सगळ्यात आखूड बट कुठे संपणार

हे ठरवायला मला सहा वर्षं आणि एक वाईट जुलै लागला. बाकीचं सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, हे चुकलं तर वर्ष जातं.

२०११ सालचा जुलै. स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये मी मासिकातला फोटो घेऊन गेले. फोटोतल्या बाईची पहिली, म्हणजे सगळ्यात आखूड बट गालाच्या हाडाशी संपत होती. माझीही तिथेच कापली. ओल्या केसांवर मोजून, ड्रायर मारून, आरसा दाखवून. मी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी केस धुतले, वाळले, आणि ती बट कानाच्या मध्यापर्यंत वर गेली. दोन्ही बाजूंनी. त्यात पाऊस. गाडीत दाराजवळ उभी राहिले की दहा मिनिटांत सगळं फुलून वर. क्लचर लावला तर आखूड बटा सुटायच्या, वेणी घातली तर पेडातून टोकं बाहेर यायची. रोज सात-आठ टिकटॉक पिना लावून ऑफिसला जात होते. एका सहकारिणीने ‘आजारी होतीस का गं?’ विचारलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एके दिवशी माक्याच्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

ती बट गळ्याखालच्या हाडापर्यंत यायला पंधराएक सेंटिमीटर वाढायला हवी होती. महिन्याला सव्वा सेंटिमीटर धरला तरी बारा महिने. पुढचा पाऊस येईपर्यंत मी पिना लावत होते.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. ओला केस ताणला जातो आणि वजनाने सरळ लोंबतो, त्यामुळे तो असतो त्याहून लांब वाटतो. वाळला की लहर परत येते आणि लांबी कमी होते. दुसरं, पावसाळी हवेतली वाफ केसात शिरते, ड्रायरने किंवा इस्त्रीने बसवलेला आकार मोडते आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. लांब केसाला निदान स्वतःचं वजन खाली ओढतं. आखूड बटेला ओढायला काहीच नसतं, ती उडते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात खपून जाणारा कट मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दगा देतो, तो यामुळे.

म्हणून माझा नियम: सगळ्यात आखूड बट रबरापर्यंत पोहोचलीच पाहिजे. तुम्ही केस रोज जिथे बांधता तिथल्या रबरापर्यंत. ती पोहोचली की वाईटात वाईट दिवशीसुद्धा केस बांधता येतात, आणि बांधता येणारे केस कधीच फार त्रास देत नाहीत.

हे मोजायला शिवणाचा दोरा घ्या. केस कोरडे ठेवून नेहमीच्या जागी, नेहमीच्या रबराने बांधा. मिरवायच्या पोनीवर मोजू नका, घाईतली घ्या. मग कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथे दोऱ्याचं टोक धरा आणि केस जसे मागे गेलेत तसा दोरा कानावरून रबरापर्यंत न्या. तिथे गाठ मारा. माझ्या डोक्यावर हे अंतर २६ सेंटिमीटर भरलं. त्याच्यापुढे केसांच्या स्वभावाप्रमाणे सूट द्या: सरळ केसांना दोन बोटं, लहरी असतील तर चार सेंटिमीटर, कुरळ्यांना सात-आठ. तिथे दुसरी गाठ. आता रबर सोडा, दोरा कपाळाच्या त्याच जागेवरून चेहऱ्यासमोर सरळ खाली सोडा. दुसरी गाठ जिथे येईल त्याच्या वर एकही बट संपू द्यायची नाही. माझी बरोबर गळ्याखालच्या हाडावर येते.

बहुतेकींची गाठ हनुवटीच्या बरीच खाली येते आणि त्यांना वाटतं, मग लेयर्स दिसणार कसे? दिसतात. केस पाठीच्या मध्यापर्यंतच असले तरी गळ्यापासून टोकापर्यंत वीसएक सेंटिमीटर जागा असते, दोन-तीन थर त्यात आरामात बसतात. केस मुळातच खांद्यापर्यंत असतील तर मात्र जागा नाही. अशा वेळी एका लांबीचे ठेवा आणि सहा महिने थांबा. ‘थोडेसे तरी लेयर्स’ करून घेऊ नका. मी केले होते.

दोऱ्याबद्दल शंका असेल तर आठ दिवस तालीम करा. पुढची एक बट घ्या, गाठीच्या उंचीवर दुमडून पिन लावा आणि ती तेवढीच आहे असं समजून घरात वावरा. पोळ्या लाटताना ती डोळ्यांसमोर येते का, हेल्मेटमधून बाहेर डोकावते का, हे आरशात कळत नाही.

फोटो नेऊ नका

निदान दुसऱ्या कोणाचा तरी नको. १९९५ च्या आसपास ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या जेनिफर ॲनिस्टनचा लेयर कट जगभरातल्या बायकांनी मागून घेतला होता. तो कापला होता क्रिस मॅकमिलन या तिच्या हेअरड्रेसरने. पुढे तिनेच सांगून टाकलं की तो कट तिला आवडायचा नाही आणि घरी एकटीने सेट करणं जमायचं नाही. खुद्द तिची ही गत, तर आपण कोण? न्यायचाच असेल तर स्वतःचा न्या, रविवारी वाळवलेल्या मोकळ्या केसांचा.

खुर्चीत

तेल लावून जाऊ नये, शनिवारी संध्याकाळी जाऊ नये, हे सांगायला नको. खुर्चीत बसल्यावर पाण्याचा फवारा उडायच्या आत बोलायचं. माझं संभाषण दरवेळी थोडंफार असंच होतं.

‘ताई, थांबा. आधी कोरड्यावर दाखवते. सगळ्यात आखूड बट इथे.’ (बोट हाडावर.)

‘मॅडम, थोडं वर घेतलं तर व्हॉल्यूम येईल.’

‘व्हॉल्यूम नको. बांधल्यावर सुटता कामा नये.’

‘बरं, मग खालून किती? दोन इंच?’

इंचात कधीही बोलू नका. प्रत्येक कात्रीचा इंच वेगळा असतो. बट स्वतःच्या बोटांत धरायची, जिथे कापायची तिथे चिमटायची आणि तिला तिथे एक पिन लावून घ्यायला सांगायचं. ती पहिली बट कापली की थांबवून कोरडी करून बघायची. चांगली हेअरड्रेसर याला हसत नाही. हसली तर उठून येता येतं, ॲप्रन काढायला दोन सेकंद लागतात.

तीन गोष्टींवर नजर ठेवा. केस किती वर उचलून कापतेय: जितके वर उचलून कापतील, तितके वरचे थर खालच्यापेक्षा आखूड पडतात. मोबाइलवर दिसतं तसं सगळे केस कपाळावर गोळा करून एक खटका मारण्याचा प्रकार कोणी करू लागलं तर हात धरा. दुसरं, दातेरी कात्री. ‘केस फार जाड आहेत, हलके करते’ म्हणत ती आतून फिरवली जाते. त्या दिवशी मऊ वाटतं, महिन्याभरात आतले आखूड केस वाढून बाहेरच्यांना वर ढकलतात आणि डोकं दुप्पट दिसतं. अगदीच दाट केसांना, फक्त टोकांशी, तेही जपून. तिसरं, वस्तरा. लहरी आणि राठ केसांवर तो टोकं फाडतो. नको.

शेवटी ड्रायर हातात घेतला की म्हणायचं, ‘तसेच वाळू द्या.’ बहुतेकींना हे मागताना संकोच वाटतो, कारण पैसे त्यात धरलेले असतात. पण ब्लो-ड्रायने चुकीचा कटही दोन तास सुंदर दिसतो, आणि तक्रार करायची वेळ तेवढ्यात निघून जाते. पंख्याखाली वीस मिनिटं बसा. वाळले की पर्समधला रबर काढून केस बांधा, मान हलवा, खाली वाका. काही सुटलं नाही तर पैसे द्या.

घरी

पंचाने टिपा, चोळू नका. ओले असताना रुंद दातांचा कंगवा, मग हात लावू नका.

पुढचं ट्रिमिंग चार-पाच महिन्यांनी. तेव्हा फक्त खालची टोकं आणि यू आकार. ‘लेयर्स पण फ्रेश करू का?’ असं विचारतील, त्याला नाही म्हणा, नाहीतर दर खेपेला पहिली बट दोन बोटं वर सरकते आणि दीड वर्षात तुम्ही पुन्हा गालाच्या हाडाशी येता. वर्षातून एकदाच, पाऊस संपल्यावर, दोरा पुन्हा सोडून बघायचा. माझा दोन गाठींचा दोरा टिकटॉक पिनांच्या जुन्या डबीत असतो. पिना लेक घेऊन गेली.